जिवावर का येतं?

मराठीत ‘जिवावर येणं’ असा एक वाक्प्रचार आहे. फोन उचलायचं जिवावर येतं, एक साधं पत्र लिहायचं जिवावर येतं. काम जमत नाही अशातला भाग नसतो. पाच मिनिटांचं असतं, शंभर वेळा केलेलं असतं, नाही केलं तर उद्या बोलणी खावी लागतील हेही ठाऊक असतं. तरी हात पुढे होत नाही. नोकरीच्या ठिकाणी या अवस्थेला ‘मोटिव्हेशन कमी पडतंय’ असं भारदस्त नाव मिळतं आणि उपाय म्हणून एखादं प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं जातं. व्याख्यान चालू असताना मागच्या दोन रांगा डुलक्या घेत असतात. खरं निदान त्या डुलक्यांत असतं, पण ते कोणी लिहून घेत नाही.

कामातला हुरूप ही बरीचशी शरीराच्या हिशेबाची गोष्ट आहे, असं माझं म्हणणं आहे. तो हिशेब कसा चालतो हे एकदा समजलं, की ‘हल्ली त्याला कामात रस उरलेला नाही’ असं एखाद्याबद्दल म्हणताना आपण जरा थबकतो.

वस्तू तीच, भाव चढा

प्रेरणा म्हणजे टाकीतलं इंधन, अशी आपली समजूत असते. भरली की गाडी पळते, संपली की थांबते. मेंदू मात्र बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासारखा वागतो. समोरची वस्तू हवी आहे का, हा एक प्रश्न. तिच्यासाठी किती मोजावं लागेल, हा दुसरा. आणि या दोन प्रश्नांची उत्तरं बऱ्याच अंशी वेगवेगळी ठरतात.

हे सर्वांत स्वच्छ दिसलं ते उंदरांवरच्या प्रयोगांत. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातले जॉन सालामोन आणि त्यांचे सहकारी उंदरांना इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या बोळात सोडत. एका टोकाला भरपूर खाऊ, पण मध्ये चढून जावं लागेल असा अडथळा. दुसऱ्या टोकाला थोडाच खाऊ, वाट मोकळी. एरवीचे उंदीर अडथळा चढून मोठ्या ढिगाकडे जातात. मेंदूच्या एका ठरावीक भागातलं डोपामिन कमी केलेले उंदीर मात्र सोप्या वाटेने जाऊन थोडक्यावर समाधान मानतात. आता अडथळा काढून टाका: हेच उंदीर पुन्हा मोठ्या ढिगाकडे वळतात. म्हणजे भूक शाबूत, आवडही शाबूत. अडथळा तेवढा जिवावर आला होता. (डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची पद्धत पडली आहे. या उंदरांना विचारलं तर त्यांनी त्याला ‘खटाटोपाची तयारी’ असं काहीतरी म्हटलं असतं.)

थकवा नेमका इथे हात घालतो. कामाबद्दलची आवड कमी व्हायच्या आधी कामाचा भाव वाढतो.

वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला यासाठी फार आवडतो. सोळा जणांना एकदा नव्वद मिनिटं डोकं शिणवणारं, सतत लक्ष ठेवावं लागणारं काम संगणकावर करायला लावलं आणि एकदा तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा त्यानंतर व्यायामाच्या सायकलवर बसवून थकून थांबेपर्यंत पायडल मारायला सांगितलं. माहितीपट पाहून आलेली माणसं सरासरी ७५४ सेकंद टिकली, डोकं शिणलेली ६४० सेकंद. पाय दोन्ही वेळा ताजेच होते. हृदय आणि फुप्फुसांच्या मोजमापांतही असा काही फरक सापडला नाही, की ज्याने हे लवकर थांबणं उलगडावं. फरक पडला तो ‘किती कष्ट पडताहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात. शिणलेल्या डोक्याला तीच सायकल सुरुवातीपासून जड वाटत होती.

तसं हे अगदी नवं नाही. इटलीतल्या तुरीनचे शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोटाने वजन ओढायचं एक यंत्र केलं होतं. दिवसभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या त्यांच्या सहकाऱ्याचं बोट त्या यंत्रावर नेहमीपेक्षा लवकर दमत असे. बोटाने दिवसभर काहीच केलेलं नव्हतं.

मग डोक्यात नेमकं काय साचतं? २०२२ मध्ये पॅरिसच्या एका गटाने लोकांना सहा तासांहून अधिक वेळ काम दिलं. काहींना अवघड, काहींना त्याच प्रकारचं पण सोपं. अवघड काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात, जिथे नियोजन आणि मन आवरण्याचं काम चालतं तिथे, ग्लुटामेट नावाचं रसायन जास्त आढळलं. आणि दिवसाच्या अखेरीस ‘आत्ता थोडे पैसे की नंतर जास्त?’ असे पर्याय समोर ठेवल्यावर हेच लोक चटकन आणि सहज मिळणाऱ्याकडे झुकले. उंदीर आठवले ना? अर्थात दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं लगेच म्हणता येत नाही. या विषयात घाईने बांधलेले इमले कोसळलेलेही आहेत. इच्छाशक्ती हा एक साठा असून तो वापराने आटतो, ही १९९८ पासून गाजलेली कल्पना घ्या. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर ती पुन्हा तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. टाकीची उपमा मी टाळतो आहे त्याचं हे एक कारण.

झोपेची उधारी

भाव वाढवणाऱ्या सवयींमध्ये पहिला मान झोपेचा. जागं असताना मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेत त्याचा निचरा होतो. झोप अपुरी झाली की थोडी बाकी पुढच्या दिवसावर चढते. याच्या जोडीला शरीराचं आतलं घड्याळ असतं, ते झोपेची उधारी असो-नसो आपल्या वेळेला चढ-उतार करत राहतं. दुपारी येणारी गुंगी बरीचशी या घड्याळाची असते. जेवण केलं नाही तरी ती येते. जड जेवणाने ती वाढते एवढंच, पण आपण सगळा दोष जेवणावर टाकून मोकळे होतो.

अपुऱ्या झोपेची लबाडी अशी, की ती कळत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हान्स व्हॅन डाँगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी ४८ निरोगी माणसांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये आला. काहींना रोज आठ तास, काहींना सहा, काहींना चारच तास झोपू दिलं. असे सलग चौदा दिवस. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची एकाग्रता दिवसेंदिवस घसरत गेली आणि अखेरीस, एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाच्या पातळीला पोहोचली. आता खरी मेख पुढे आहे. त्यांना ‘किती झोप येतेय?’ असं विचारलं तर पहिले काही दिवस उत्तर वाढत गेलं आणि मग जवळपास स्थिरावलं. कामगिरी उताराला लागलेली, आणि माणूस म्हणतोय, ‘सवय झाली आता.’

‘मला सहा तास पुरतात’ असं ठामपणे सांगणारे प्रत्येक ठिकाणी असतात. मीही कैक वर्षं सांगत होतो. काहींना खरंच पुरतही असतील. पण त्याबाबत त्यांचा स्वतःचा शब्द प्रमाण धरता येत नाही, एवढं या अभ्यासाने दाखवून दिलं. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या तपासणीत तर सलग १७ तास जागं राहिलेल्यांची हात आणि डोळे यांचा मेळ लागणारी कामं, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतकी बिघडलेली आढळली. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला ‘एवढं संपवूनच झोपतो’ म्हणत बसलेला असतो, तो या हिशेबात बसतो.

हुरुपाशी याचा संबंध थेट आहे. २०१२ मधल्या एका अभ्यासात एक रात्र जागवलेल्या माणसांच्या मेंदूतली डोपामिनला प्रतिसाद देणारी एका प्रकारची केंद्रं कमी उपलब्ध झालेली दिसली, तीही उंदरांच्या प्रयोगात ज्या भागाशी खेळ केला होता त्याच परिसरात. त्याच वर्षी डेव्हिड वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी एक गमतीशीर गोष्ट टिपली. काही देशांत वर्षातून एकदा घड्याळं तासभर पुढे करतात आणि त्या रात्रीची झोप थोडी कापली जाते. अमेरिकेतल्या इंटरनेट शोधांची आकडेवारी पाहिली, तर त्यानंतरच्या सोमवारी लोक इतर सोमवारांपेक्षा करमणुकीची संकेतस्थळं जास्त शोधताना आढळले. कोणाची निष्ठा एका रात्रीत ढळली नव्हती. काम थोडं महाग झालं होतं आणि शेजारच्या खिडकीत करमणूक फुकट होती.

वरिष्ठांची झोप हा तर वेगळाच प्रकार. ख्रिस्तोफर बार्न्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वरिष्ठ आणि त्यांच्या हाताखालचे लोक यांच्याकडून रोजच्या रोज माहिती घेतली. साहेबांची रात्र तळमळत गेली, की दुसऱ्या दिवशी त्यांच्या वागण्यात तुसडेपणा वाढे आणि त्या दिवशी गटाचं कामातलं लक्ष कमी होई. एकाची झोपमोड अशी दहा जणांना पुरते.

यावर सगळ्यांचा हुकमी एक्का म्हणजे कॉफी. तिचं काम समजून घेण्यासारखं आहे: कॅफिन अडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, त्यामुळे साचलेली उधारी दिसेनाशी होते. फिटत नाही. शिवाय घेतलेल्यातलं निम्मं कॅफिन शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना बरेच जास्त. २०१३ मधल्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने (चारेक कप कडक कॉफी समजा) झोप तासाभराहून जास्त कमी झाली. संध्याकाळी पाचला घेतलेला कप म्हणजे उद्याच्या सकाळकडून घेतलेलं कर्ज. मद्याचंही तेच: झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुकड्यातुकड्यांत येते.

हलकं चालणं आणि रक्तातलं लोह

दमलेल्या माणसाला ‘व्यायाम कर’ म्हणणं हा दुष्टपणा वाटतो. पण जॉर्जिया विद्यापीठातला २००८ चा प्रयोग बघण्यासारखा आहे. सतत थकवा जाणवणाऱ्या, बैठ्या आयुष्याच्या ३६ तरुणांपैकी काहींनी सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं मध्यम जोराची सायकल चालवली. काहींनी अगदी हलकी, रमतगमत. काहींनी काहीच केलं नाही. दोन्ही सायकलवाल्या गटांचा उत्साह साधारण २० टक्क्यांनी वाढला. थकव्याची भावना मात्र हलक्या गटात जास्त उतरली, सुमारे ६५ टक्के. मध्यम गटात ४९. गट लहान होते, तेव्हा आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. तरी दिशा सोयीची आहे: घाम गाळायची गरज नाही, हललं तरी पुष्कळ.

खाण्याबद्दल इतकं लिहिलं जातं की मी एकच मुद्दा उचलतो. थकवा नेहमी सवयींतूनच येतो असं नाही. लोहाची किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, घोरताना श्वास अडकून रात्रभर तुटत राहणारी झोप, नैराश्य. हे सगळे बाहेरून ‘आळशी’ दिसतात. फ्रान्समध्ये २०१२ साली १९८ स्त्रियांवर चाचणी झाली. त्यांना रक्तक्षय नव्हता, पण लोहाचा साठा कमी होता आणि थकवा होता. बारा आठवडे लोहाच्या गोळ्या घेतलेल्यांचा थकवा ४८ टक्के कमी झाला, खोट्या गोळ्या घेतलेल्यांचा २९ टक्के. (२९ टक्के नुसत्या ‘कोणीतरी दखल घेतली’ यावर! वरिष्ठांनी हा आकडा कुठेतरी टिपून ठेवावा.) गोळ्या स्वतःहून सुरू करू नका, महिना-दोन महिने विश्रांती घेऊनही शीण उतरत नसेल तर रक्त तपासून घ्या, हे मात्र जरूर.

ज्याला गरज, त्यालाच परवडत नाही

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सवयी सुधारा, संपलं. तिथेच गाडी अडते. थकवा ऑफिसच्या कामाचा भाव वाढवतो, तसाच फिरायला जाण्याचा, स्वयंपाक करण्याचा, इतकंच काय, वेळेवर अंथरुणात शिरण्याचाही. ज्या दिवशी विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवशी माणूस ती सर्वांत वाईट घेतो. झबीने झोनेनटाग या जर्मन संशोधक बाईंनी याला विश्रांतीचा विरोधाभास म्हटलं आहे. कामाचा विचार डोक्यातून खाली ठेवता येणं, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा. देह घरी आणि मन अजून त्या अडकलेल्या मेलवर, याला त्या विश्रांती धरत नाहीत.

रात्री बारा वाजता डोळे चुरचुरत असताना आपण फोन का चाळत बसतो? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये या चालढकलीवर लिहिलं आणि मन आवरण्याच्या ताकदीशी त्याचा संबंध दाखवला. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या सांगण्यावर गेला, त्याला रात्रीचा तो एक तास तरी आपला हवा असतो. झोपेच्या बदल्यात तो स्वातंत्र्य विकत घेतो. सौदा वाईट आहे, पण मूर्खपणाचा नाही.

म्हणूनच कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचे उपक्रम फारसे फळत नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेत यावर दोन मोठ्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एका किरकोळ विक्रीच्या साखळीत १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर पाहिलं, तर दीड वर्षानंतर ‘मी नियमित व्यायाम करतो’ म्हणणारे वाढले, पण रक्तदाब, वजन, गैरहजेरी, कामगिरी यांत ठळक फरक नव्हता. दुसरी चाचणी इलिनॉय विद्यापीठातली. तिथे उपक्रमात उतरणारे आधीपासूनच धडधाकट निघाले. ज्यांच्यासाठी मांडव घातला ते आलेच नाहीत, आणि का आले नाहीत हे आता सांगायला नको.

मग उरतो तो कामाचा बोजा. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका किती तास राबत आणि किती माल निघे, याच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हल यांनी २०१४ मध्ये त्या पुन्हा चाळल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात माल वाढे. त्यापुढे वाढ मंदावत जाई. ७० तासांत निघणारा माल ५६ तासांहून फारसा जास्त नसे. वरचे चौदा तास हवेत विरले. आणि नुसते विरले नाहीत: जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा ३५ टक्के जास्त, हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त.

हे वर्षानुवर्षं चाललं की भाव वाढण्याच्या पलीकडची पायरी येते: वस्तूच नकोशी होते. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ हा शब्द त्यासाठी वापरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झालं, त्याची तीन लक्षणं दिली आहेत: पार गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. त्याला तिथे आजार म्हटलेलं नाही. न आवरलेल्या कामाच्या ताणातून आलेली स्थिती म्हटलंय. दमलेला माणूस म्हणतो, ‘करायचंय, पण होत नाहीये.’ इथे पोहोचलेला म्हणतो, ‘करून काय फरक पडणार?’ पहिल्याला आठवडाभर झोप मिळाली तर बराचसा सावरतो. दुसरा रजेवरून परतल्यावर दोन-चार दिवसांत पुन्हा तिथेच येतो, कारण जिथून पळाला ती जागा तशीच असते. आणि कामाबाहेरच्या आवडत्या गोष्टी, माणसं, गाणं, खेळ, काहीच नकोसं झालं असेल, तर तो प्रश्न नोकरीपुरता राहिलेला नाही. डॉक्टरांना भेटायला हवं.

छोट्या विश्रांत्यांनी किती साधतं? २०२२ मध्ये अशा अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. दहा मिनिटांपर्यंतच्या मधल्या सुट्टीने तरतरी वाढते आणि थकवा थोडा उतरतो, असं त्यात दिसलं. डोकं लावायच्या कामातली कामगिरी मात्र तेवढ्याने सुधारत नाही, तिला जास्त वेळ लागतो. तेव्हा अवघड काम सकाळच्या ताज्या तासांत, आणि नुसते शिक्के मारायचं काम दुपारच्या गुंगीत, अशी मांडणी ज्याला करू दिली जाते तो त्याच पगारात कमी दमतो. ‘करू दिली जाते’ हे त्यातले महत्त्वाचे शब्द. आपल्या दिवसावर आपला हात चालतो की नाही, यावर ताण किती चढतो हे बरंच अवलंबून असतं, असं रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं.

आपली उधारी किती आहे हे पाहायचं असेल तर एक साधी रीत आहे. आठवडाभराच्या सुट्टीत गजर लावू नका, रात्री ठरावीक वेळेला आडवे व्हा, आणि रोज आपोआप कधी जाग येते ते लिहून ठेवा. पहिले दोन-तीन दिवस लांबलचक झोप लागते, ती थकबाकी. त्यानंतर आकडा जिथे स्थिरावतो ती तुमची खरी गरज. माझा सव्वासात तासांवर थांबला, ‘सहा पुरतात’ असं कैक वर्षं सांगून झाल्यावर.